सूत्र नाही म्हणून इंटिग्रेबल नाही, असं नसतं

प्रश्न टी. वाय. बी.एस्सी.च्या एका विद्यार्थ्याचा आहे. तो थोडक्यात असा: “बारावीत सांगितलं होतं की ई^(−क्ष²) चं इंटिग्रेशन होत नाही. आता रिअल अ‍ॅनॅलिसिसच्या तासाला सांगतात की बंद अंतरालावरचं प्रत्येक कंटिन्यूअस (म्हणजे आलेख कुठेही न तुटणारं) फंक्शन इंटिग्रेबल असतं. मग ई^(−क्ष²) इंटिग्रेबल आहे की नाही? तसंच ० ते १ वर १/√क्ष, साइन(१/क्ष), आणि परिमेय संख्यांवर १ व अपरिमेय संख्यांवर ० असणारं फंक्शन, यांचं काय? आणि एखादं फंक्शन दुसऱ्या कशाचं तरी डेरिव्हेटिव्ह असेल तर ते इंटिग्रेबल असणारच ना? ओळखायची ठरलेली पद्धत आहे का?”

पद्धत आहे. पण आधी गुंता सोडवायला हवा, कारण तुम्ही एका शब्दाखाली तीन वेगळे प्रश्न विचारताय. पहिला: या फंक्शनच्या इंटिग्रलचं नेहमीच्या फंक्शन्समध्ये लिहिता येईल असं सूत्र मिळतं का? दुसरा: ज्याचं डेरिव्हेटिव्ह हे फंक्शन आहे, असं कुठलं तरी फंक्शन (त्याला अँटिडेरिव्हेटिव्ह म्हणतात) अस्तित्वात आहे का? तिसरा: आलेखाखालचं क्षेत्रफळ तुकड्यातुकड्यांनी मोजत गेलो, तर उत्तर एका आकड्यावर येऊन थांबतं का? ‘इंटिग्रेबल’ ही संज्ञा फक्त तिसऱ्या प्रश्नाची आहे. बारावीच्या वर्गात जे म्हटलं जातं ते पहिल्याबद्दल असतं, आणि तुमचा शेवटचा प्रश्न दुसऱ्याबद्दल आहे. हे तिन्ही प्रश्न एकमेकांशी जोडलेले आहेत, पण एकाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं ‘हो’ येईलच असं नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. इंटिग्रेबल आहे की नाही हे ‘कुठल्या अर्थाने’ यावर अवलंबून असतं. टी. वाय.च्या अभ्यासक्रमात साधारणपणे रीमान या गणितज्ञाचा अर्थ असतो, एम.एस्सी.ला त्याच्यानंतरच्या लेबेगचा. खाली मी रीमानचाच अर्थ धरून चाललो आहे. जिथे लेबेगने उत्तर बदलतं तिथे तसं म्हणेन.

सूत्राचा प्रश्न पटकन संपवू. ‘नेहमीची’ फंक्शन्स म्हणजे बहुपदी, मूळं, ई^क्ष, लॉग, साइन-कोसाइन आणि त्यांची उलटी फंक्शन्स, हे सगळं बेरीज, गुणाकार, भागाकार करून आणि एकात एक घालून जे जे तयार होतं ते. ई^(−क्ष²) चं अँटिडेरिव्हेटिव्ह या गोतावळ्यात नाही. कुणाला अजून सापडलेलं नाही असा याचा अर्थ नव्हे; ते असूच शकत नाही हे सिद्ध झालेलं आहे, आणि त्यामागचा सिद्धांत फ्रेंच गणिती लिउव्हिलने १८३० च्या दशकात मांडला. साइन(क्ष)/क्ष आणि १/लॉग(क्ष) यांचीही तीच गत. गंमत म्हणजे क्ष·ई^(−क्ष²) चं उत्तर एका ओळीत येतं, −ई^(−क्ष²)/२. म्हणजे सूत्र मिळणं न मिळणं याचा फंक्शन सरळ आहे की वेडंवाकडं आहे याच्याशी काही संबंध नाही. १९६९ मध्ये रॉबर्ट रिशने सूत्र असू शकतं का हे ठरवायची पद्धत प्रसिद्ध केली, आणि आजच्या काही गणिती सॉफ्टवेअरमध्ये तिचे भाग वापरलेले असतात. पण यातलं काहीही ‘इंटिग्रेबल’ या शब्दाला लागू होत नाही.

कारण ० ते १ वर ई^(−क्ष²) चा इंटिग्रल ही एक ठाम संख्या आहे, आणि ती कागदावर पकडता येते. अंतरालाचे चार सारखे तुकडे करा. ०, ०.२५, ०.५, ०.७५ आणि १ या बिंदूंवर फंक्शनच्या किमती अनुक्रमे १, ०.९३९४, ०.७७८८, ०.५६९८ आणि ०.३६७९. फंक्शन सतत उतरतं आहे, म्हणून प्रत्येक तुकड्यात सगळ्यात मोठी किंमत डाव्या टोकाला आणि सगळ्यात लहान उजव्या टोकाला असते. मोठ्या किमती घेऊन आयतांची बेरीज केली तर ०.८२२० येते, लहान घेऊन ०.६६४०. खरं क्षेत्रफळ या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. फरक ०.१५८० आहे आणि तो नेमका (१ − १/ई)/४ इतका आहे. मधल्या किमती वजाबाकीत एकमेकींना खाऊन टाकतात, फक्त पहिली आणि शेवटची उरते. म्हणून चाराऐवजी ‘न’ इतके तुकडे केले की फरक ०.६३२१/न. हजार तुकड्यांना ०.०००६३२. न वाढवत गेलात की फरक हवा तितका लहान होतो, आणि दोन्ही बेरजा ०.७४६८२४... या एकाच संख्येवर येऊन मिळतात. (याच चार तुकड्यांवर सिम्प्सनचा नियम लावला तर ०.७४६८५५ मिळतं. चार तुकड्यांत इतकं जवळ!) स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकामागे नॉर्मल डिस्ट्रिब्युशनचा जो तक्ता असतो, तो याच इंटिग्रलच्या किमतींचा. सूत्र नाही, तरी इंटिग्रेबल. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं.

आता वर जे केलं तीच व्याख्या आहे. कोशीने १८२३ मध्ये कंटिन्यूअस फंक्शन्ससाठी बेरजांच्या लिमिटने इंटिग्रलची व्याख्या केली. रीमानने १८५४ मध्ये प्रश्न उलटा विचारला: फंक्शन कंटिन्यूअस आहे हे गृहीत न धरता, कुठल्या कुठल्या फंक्शन्ससाठी ही लिमिट येते? ‘इंटिग्रेबल’ हे विशेषण खऱ्या अर्थाने तिथे जन्माला आलं. आज पाठ्यपुस्तकांत असते ती वरच्या-खालच्या बेरजांची मांडणी दार्बूची, १८७५ ची.

मांडणी अशी. अ ते ब या बंद अंतरालावर फंक्शन बाउंडेड हवं, म्हणजे त्याच्या किमती दोन ठरावीक संख्यांच्या मध्येच राहायला हव्यात. अंतरालाचे तुकडे पाडा. सारखे असायची गरज नाही. प्रत्येक तुकड्यात फंक्शनचा सुप्रीमम (किमतींची सगळ्यात लहान वरची मर्यादा) घ्या, तुकड्याच्या रुंदीने गुणा, सगळे मिळवा: ही वरची बेरीज. इन्फिमम (सगळ्यात मोठी खालची मर्यादा) घेऊन तेच केलं की खालची बेरीज. तुम्ही एप्सिलॉन ही धन संख्या कितीही लहान द्या, या दोन बेरजांमधला फरक त्याहून कमी करणारे तुकडे पाडता आले, तर फंक्शन रीमान-इंटिग्रेबल. लक्षात घ्या, एप्सिलॉन दिल्यावर तसे तुकडे एकदा पाडून दाखवले की पुरे. सगळ्या तऱ्हांच्या तुकड्यांवर ते सिद्ध करत बसू नका. पेपरात कित्येक मुलं हे उगाच ओढवून घेतात.

त्या फरकाकडे नीट बघा. प्रत्येक तुकडा त्यात ‘हेलकावा गुणिले रुंदी’ इतकी भर घालतो. हेलकावा म्हणजे त्या तुकड्यातला सुप्रीमम वजा इन्फिमम. गुणाकार लहान करायचे दोनच मार्ग आहेत: हेलकावा लहान करा, नाहीतर रुंदी लहान करा. सगळा विषय या वाक्यात आहे. जिथे फंक्शन शहाण्यासारखं वागतं तिथे तुकडे बारीक करून हेलकावा आवरा. जिथे ते काही केल्या आवरत नाही, तिथे ती जागाच इतक्या कमी रुंदीत कोंडा की हेलकाव्याने काही बिघडू नये. हे दुसरं शक्य नसेल, म्हणजे बेशिस्त जागा मिळून खरोखर रुंदी व्यापत असतील, तर फंक्शन इंटिग्रेबल नाही.

कंटिन्यूअस फंक्शनला पहिला मार्ग पुरतो. मात्र सिद्धता लिहिताना ‘कंटिन्यूअस आहे म्हणून डेल्टा मिळतो’ एवढ्यावर थांबू नका. डेल्टा म्हणजे ज्याच्या आत किंमत फारशी बदलत नाही ते अंतर; प्रत्येक बिंदूला वेगळा डेल्टा चालत नाही, सगळ्या अंतरालाला मिळून एकच डेल्टा लागतो. बंद आणि बाउंडेड अंतरालावर कंटिन्यूअस फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्यूअस असतं, हे प्रमेय तिथे नावानिशी लिहा. सतत चढणाऱ्या किंवा सतत उतरणाऱ्या फंक्शनला कंटिन्यूइटीचीही गरज नाही. न सारखे तुकडे केले की फरक |फ(ब) − फ(अ)| गुणिले (ब − अ)/न इतकाच उरतो, मध्ये कितीही उड्या असोत.

आता साइन(१/क्ष). शून्यावर त्याला किंमत नाही, तर फ(०) = ० धरू. शून्याजवळ ते −१ आणि १ यांच्यामध्ये अनंत वेळा ये-जा करतं, आणि इथेच विद्यार्थी घाबरतात. घाबरायचं कारण नाही. समजा एप्सिलॉन ०.०१ दिला आहे. पहिला तुकडा ० ते ०.००२ घ्या. आत कितीही धिंगाणा असो, हेलकावा २ च्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे या तुकड्याची भर जास्तीत जास्त ०.००४. उरलेल्या ०.००२ ते १ वर फंक्शन कंटिन्यूअस आहे, तेव्हा तिथे फरक ०.००६ च्या आत आणणारे तुकडे आहेतच. एकूण ०.०१ च्या आत. झालं.

किती तुकडे लागतील? ०.००२ पाशी डेरिव्हेटिव्ह २,५०,००० पर्यंत जाऊ शकतं, त्या हिशोबाने सारखे तुकडे केले तर सव्वाचार कोटींत काम नक्की भागतं. हा फार उधळा हिशोब आहे, पण व्याख्या काटकसर मागत नाही. आणि फ(०) = ० ऐवजी फ(०) = ७ धरलं असतं तर? पहिल्या तुकड्यात हेलकावा ८ झाला असता, आपण रुंदी ०.०००५ केली असती, भर पुन्हा ०.००४. इंटिग्रल तोच. मोजक्या बिंदूंवर किंमत बदलून इंटिग्रल ना बिघडतो ना बदलतो.

मोजक्या बिंदूंवर म्हटलं, ते मुद्दाम. अनंत बिंदूंवर तुटलेलं फंक्शनही इंटिग्रेबल असू शकतं आणि नसूही शकतं, आणि दोन्हीची उत्तम उदाहरणं परिमेय संख्यांवरच आहेत.

पहिलं उदाहरण थोमेचं, १८७५ मधलं. अपरिमेय क्ष वर किंमत ०; क्ष = प/क अशा संक्षिप्त रूपातल्या अपूर्णांकावर किंमत १/क; ० आणि १ वर किंमत १. म्हणजे १/२ वर ०.५, १/३ आणि २/३ वर ०.३३, ३/७ वर १/७. हे फंक्शन प्रत्येक परिमेय बिंदूवर तुटतं आणि प्रत्येक अपरिमेय बिंदूवर कंटिन्यूअस असतं. कुठलाही तुकडा घ्या, त्यात अपरिमेय संख्या असतातच, म्हणून खालची बेरीज कायम ०. प्रश्न वरच्या बेरजेचा. ती ०.२ च्या खाली आणून दाखवतो. किंमत ०.१ किंवा जास्त कुठे आहे? छेद १० पर्यंत असलेल्या अपूर्णांकांवर. ० ते १ मध्ये असे अपूर्णांक बरोबर ३३ आहेत, ०/१ आणि १/१ धरून. त्या प्रत्येकाभोवती ०.००३ रुंदीचा तुकडा घ्या, टोकांच्या दोघांना आतल्या बाजूचा अर्धाच. या अपूर्णांकांमधलं कमीतकमी अंतर १/९० आहे, ०.०११ च्या जरा वर, म्हणजे तुकडे एकमेकांवर चढत नाहीत. त्यांची मिळून रुंदी ०.०९९ च्या आत, उंची फार तर १, भर ०.०९९ च्या आत. बाकी सगळीकडे किंमत १/११ पेक्षा जास्त नाही, रुंदी १ पेक्षा कमी, भर ०.०९१ च्या आत. बेरीज ०.१९ च्या आसपास. ०.१ च्या जागी कितीही लहान आकडा घ्या, जपायचे अपूर्णांक वाढतील, पण राहतील मर्यादित. म्हणून फंक्शन इंटिग्रेबल, इंटिग्रल ०.

दुसरं उदाहरण तुम्ही दिलेलं: परिमेयांवर १, अपरिमेयांवर ०. हे डिरिक्लेचं, १८२९ पासून गाजतंय. इथे कितीही बारीक तुकडा घ्या, त्यात दोन्ही प्रकारच्या संख्या आहेत, हेलकावा १ म्हणजे १. वरची बेरीज नेहमी १, खालची नेहमी ०, फरक कधीच हलत नाही. रीमान-इंटिग्रेबल नाही. इथे एक फसवी वाट आहे. न सारखे तुकडे करून प्रत्येकाचं उजवं टोक घेतलंत तर ते परिमेय असतं, बेरीज दर वेळी १, लिमिट १, आणि ‘इंटिग्रल १ आला’ असं वाटतं. उजव्या टोकाऐवजी क-व्या तुकड्यात (क − १/√२)/न हा बिंदू घ्या, प्रत्येक तुकड्यात असा एक अपरिमेय बिंदू आहेच, आता बेरीज दर वेळी ०. म्हणून ‘सारखे तुकडे, उजवं टोक, न अनंताकडे’ ही बारावीची लिमिट इंटिग्रल काढायला ठीक, पण इंटिग्रेबल आहे हे सिद्ध करायला ती चालत नाही. आणि पायथनमध्ये चालवून बघायच्या फंदात पडू नका. कॉम्प्युटरमधली प्रत्येक दशांश संख्या परिमेयच असते, तो बिचारा कायम १ सांगणार.

या दोन उदाहरणांत फरक कुठे पडला? उत्तरपत्रिकांत हमखास दिसणारी चूक अशी: “डिरिक्लेचं फंक्शन फक्त परिमेय बिंदूंवर शून्याहून वेगळं आहे, परिमेय काउंटेबल आहेत (पहिली, दुसरी, तिसरी अशी त्यांची यादी करता येते), म्हणून इंटिग्रेबल.” किंमत वेगळी असण्याचे बिंदू आणि फंक्शन तुटण्याचे बिंदू यांची इथे गल्लत आहे. शून्य फंक्शनची किंमत काउंटेबल बिंदूंवर बदलली खरी, पण परिणामी ते अपरिमेय बिंदूंवरही तुटलं. अख्खं अंतराल तुटलं. थोमेचं फंक्शन तुटतं ते फक्त परिमेयांवर. मोजायचे असतात ते तुटण्याचे बिंदू.

नेमका निकष लेबेगचा आहे: बंद अंतरालावरचं बाउंडेड फंक्शन रीमान-इंटिग्रेबल असतं ते तेव्हाच, जेव्हा त्याच्या तुटण्याच्या बिंदूंच्या संचाचं मेझर शून्य असतं. मेझर शून्य म्हणजे तो संच अशा काउंटेबल अंतरालांनी झाकता येतो, ज्यांची एकूण लांबी तुम्ही द्याल त्या एप्सिलॉनपेक्षा कमी आहे. वर आपण ३३ अपूर्णांक कोंडले, त्याचंच हे मोठं रूप. मर्यादित किंवा काउंटेबल संचाचं मेझर शून्य असतंच. अनकाउंटेबल असूनही मेझर शून्य असू शकतं: कँटरच्या संचावर (अंतरालातून मधला एक-तृतीयांश भाग पुन्हा पुन्हा काढत गेल्यावर जे उरतं त्यावर) १ आणि बाहेर ० असं फंक्शन इंटिग्रेबल आहे. पण मधले भाग कमी कमी प्रमाणात काढून बनवलेला ‘लठ्ठ’ कँटर संच, ज्याची लांबी शून्य होत नाही, त्यावर तेच केलं तर इंटिग्रेबल नाही.

तेव्हा तुम्ही मागितलेली पद्धत. आधी अंतराल बंद आणि बाउंडेड आहे का आणि फंक्शन बाउंडेड आहे का ते बघा. नसेल तर रीमानच्या मूळ व्याख्येत ते बसतच नाही, पुढे इम्प्रॉपर इंटिग्रलचा विचार करायचा, खाली १/√क्ष ला केलाय तसा. बाउंडेड असेल तर कंटिन्यूअस आहे का, किंवा सतत चढतं-उतरतं आहे का; असेल तर प्रमेयाचं नाव लिहून मोकळे व्हा. दोन्ही नसेल तर कुठे कुठे तुटतं तो संच लिहून काढा आणि त्याचं मेझर बघा. ‘व्याख्येवरून सिद्ध करा’ असं म्हटलं असेल तरच एप्सिलॉनचा हिशोब मांडा, वर साइन(१/क्ष) चा मांडला तसा. बेरीज, गुणाकार, |फ| हे सगळं इंटिग्रेबलपणा टिकवतं. एकात एक घालताना मात्र जपून: बाहेरचं फंक्शन कंटिन्यूअस असेल तर ठीक, नाहीतर घात होतो. थोमेच्या फंक्शनवर ‘० ला ०, बाकी सगळ्याला १’ हे फंक्शन लावा. दोन्ही इंटिग्रेबल, आणि मिळून झालं काय? डिरिक्ले. |फ| वरून फ कडे उलटंही जाता येत नाही: परिमेयांवर १, अपरिमेयांवर −१ घ्या, |फ| सगळीकडे १ आहे पण फ इंटिग्रेबल नाही. ‘खरं की खोटं’ प्रकारच्या प्रश्नांत ही दोन उदाहरणं हाताशी असलेली बरी.

१/√क्ष चं उत्तर आता कळलं असेल. शून्याजवळ ते बाउंडेड नाही. न सारख्या तुकड्यांतल्या पहिल्यात १/न⁴ हा बिंदू निवडलात तर तिथे किंमत न², रुंदी १/न, एकट्या त्या तुकड्याची भर न. तुकडे बारीक करावेत तशी बेरीज वाढतच जाते. म्हणून रीमानच्या मूळ अर्थाने इंटिग्रेबल नाही. पण ‘त’ पासून १ पर्यंत इंटिग्रल काढा, तो २ − २√त येतो, आणि त शून्याकडे नेला की २. याला इम्प्रॉपर इंटिग्रल म्हणायचं आणि तो २ ला कन्व्हर्ज होतो असं लिहायचं. १/क्ष ला हेच केलं तर लॉग(१/त) येतं, ते अनंताकडे पळतं. सर्वसाधारण नियम: १ भागिले क्ष चा प-वा घात, ० ते १ वर प < १ असेल तर कन्व्हर्ज होतो, १ ते अनंत वर प > १ असेल तर. प = १ ला दोन्हीकडे दार बंद.

बाउंडेड आहे का हे न बघता सूत्र चालवलं की काय होतं ते −१ ते १ वर १/क्ष² घेऊन बघा. अँटिडेरिव्हेटिव्ह −१/क्ष, टोकं घातली, −१ − १ = −२. सगळीकडे धन असणाऱ्या फंक्शनचं क्षेत्रफळ उणे दोन! मध्ये शून्यावर फंक्शन अनंताला गेलं आहे, तिथे अँटिडेरिव्हेटिव्हही नाही, म्हणून ते सूत्र लावायची परवानगीच नव्हती. इंजिनीअरिंगच्या मुलांच्या वहीत ही चूक फार भेटते, कारण तिथे क्षेत्रफळाचं चित्र काढायची सवय सुटलेली असते.

लेबेगच्या अर्थाने यातली काही उत्तरं बदलतात. १९०२ च्या प्रबंधात त्याने क्ष-अक्षाचे तुकडे करण्याऐवजी किमतींचे तुकडे केले. त्याने स्वतःच दृष्टांत दिला आहे तो पैशांचा: खिशातून नाणी येतील त्या क्रमाने मोजत जाणं हा रीमान, आधी सारख्या किमतीची नाणी एकत्र करून मग प्रत्येक ढिगाला किमतीने गुणणं हा लेबेग. डिरिक्लेच्या फंक्शनमध्ये ‘१’ चा ढीग म्हणजे परिमेय संख्या, त्याचं मेझर ०. इंटिग्रल = १ × ० + ० × १ = ०. लेबेग-इंटिग्रेबल. १/√क्ष सुद्धा लेबेग-इंटिग्रेबल, उत्तर तेच २. हा खटाटोप करायचं मोठं कारण लिमिट. परिमेय संख्यांची यादी करून पहिल्या न संख्यांवर १ आणि बाकी ० असं फंक्शन घ्या. प्रत्येक न साठी ते रीमान-इंटिग्रेबल आहे, इंटिग्रल ०, पण न अनंताकडे नेला की डिरिक्ले हाती येतं आणि रीमान हात टेकतो.

मात्र लेबेगची अट कडक आहे: |फ| चा इंटिग्रल मर्यादित हवा. साइन(क्ष)/क्ष चा ० ते अनंत इम्प्रॉपर रीमान इंटिग्रल पाय/२ येतो, धन आणि ऋण उंचवटे एकमेकांना कापत जातात म्हणून. |साइन(क्ष)|/क्ष घेतलं तर क-व्या उंचवट्याचं क्षेत्रफळ निदान २/(क·पाय) असतं, आणि १ + १/२ + १/३ + ... ही बेरीज अनंताला जाते. म्हणजे लेबेग-इंटिग्रेबल नाही. ‘लेबेग म्हणजे रीमानपेक्षा सगळं जास्त’ हे बंद, बाउंडेड अंतरालावर बाउंडेड फंक्शनपुरतं खरं. इम्प्रॉपर इंटिग्रल्सना ते लागू नाही. एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षांत इथे एक पर्याय हमखास फसवा असतो.

राहिला शेवटचा प्रश्न, डेरिव्हेटिव्ह असलेलं फंक्शन इंटिग्रेबल असणारच का. नाही. दोन्ही दिशांनी नाही.

आधी सोपी दिशा. −१ ते १ वर ऋण क्ष ला −१, ० ला ०, धन क्ष ला १ असं फंक्शन घ्या. एकाच बिंदूवर तुटतं, इंटिग्रेबल आहे, इंटिग्रल ०. पण ते कुणाचंही डेरिव्हेटिव्ह नाही, कारण डेरिव्हेटिव्ह मधल्या किमती गाळून उडी मारू शकत नाही. हेही दार्बूचंच प्रमेय. इंटिग्रेबल आहे, अँटिडेरिव्हेटिव्ह नाही.

उलट दिशेला, ग(क्ष) = क्ष²·साइन(१/क्ष²), ग(०) = ०. हे सगळीकडे डिफरन्शिएबल आहे, शून्यावरही, तिथे डेरिव्हेटिव्ह ०. बाकी ठिकाणी डेरिव्हेटिव्ह २क्ष·साइन(१/क्ष²) − (२/क्ष)·कोसाइन(१/क्ष²). दुसऱ्या पदात २/क्ष आहे, शून्याजवळ ते बाउंडेड राहत नाही. ० ते १ वर हे डेरिव्हेटिव्ह रीमान-इंटिग्रेबल नाही, आणि |ग′| चा इंटिग्रल अनंत होत असल्यामुळे लेबेग-इंटिग्रेबलही नाही. “बाउंडेड नाही हीच काय ती अडचण” असं वाटत असेल, तर १८८१ मध्ये व्होल्तेराने, तेव्हा तो विशीतला विद्यार्थी होता, बाउंडेड असूनही रीमान-इंटिग्रेबल नसलेलं डेरिव्हेटिव्ह बांधून दाखवलं. युक्ती वर आलेलीच: लठ्ठ कँटर संचाच्या प्रत्येक रिकाम्या फटीत क्ष²·साइन(१/क्ष) सारखा तुकडा बसवला, म्हणजे डेरिव्हेटिव्ह त्या संचाच्या प्रत्येक बिंदूवर तुटतं आणि त्या संचाला लांबी आहे. बाउंडेड डेरिव्हेटिव्ह लेबेगला मात्र नेहमी जमतं. बाउंडेड असो वा नसो, प्रत्येक डेरिव्हेटिव्ह पचवणारा इंटिग्रलही आहे, कुर्झवाइल आणि हेन्स्टॉक यांनी १९५० च्या दशकापासून वेगवेगळा घडवलेला, पण तो तुमच्या अभ्यासक्रमात बहुधा नसेल.

म्हणून फंडामेंटल थिअरम लिहिताना “अ ते ब वर ग′ = फ” एवढंच लिहून इंटिग्रल ग(ब) − ग(अ) आहे असं म्हणू नका. “आणि फ हे अ ते ब वर रीमान-इंटिग्रेबल आहे” ही अट त्याच ओळीत हवी. फ कंटिन्यूअस असेल तर ती आपोआप पुरी होते, आणि वर्गात बहुतेक उदाहरणं तशीच असल्याने ती लिहायची राहून जाते. मार्क कापले जातात ते नेमके तिथे.